मेटफॉर्मिन सुरू करून तीन महिने झाले, काटा जागचा हलेना. सोडू का?

हरिपूररोड (सांगली)

नमस्कार. सगळं सविस्तर लिहिते, कारण दोन ओळींत विचारलं की लोक 'डॉक्टरांना विचारा' म्हणून मोकळे होतात. डॉक्टरांना विचारलंय. बाहेर चाळीस बायका बसलेल्या असतात, आत गेल्यावर माझ्या वाट्याला तीन मिनिटं येतात, त्यातलं एक फाईल शोधण्यात जातं.

वय २८, उंची पाच फूट दोन इंच. गोळी सुरू केली तेव्हा वजन ७६.५, आज सकाळी ७५.१. लग्नाला दोन वर्षं झाली. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर हिशेबाला आहे. सौद्यांचे दिवस असले की सकाळी नवाला बसले ती शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) करून उठायला रात्रीचे आठ वाजतात. दर तासाला चहा येतो. नको म्हटलं तरी येतो, कारण समोर शेतकरी बसलेला असतो आणि त्याला एकट्याला चहा देणं बरं दिसत नाही.

पाळीचं गाडं पहिल्यापासून बिघडलेलं. गेल्या वर्षी चारदा आली, बस्स. हनुवटीवर केस आहेत, दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग. मान काळी. ही मान म्हणजे माझं जुनं दुखणं. दहावीत असताना आईला वाटायचं मी मान नीट धूत नाही. एकदा तिनं वजरी घेऊन घासली होती. दोन दिवस मान वळवता येत नव्हती, काळेपणा तिथंच. आता कळलं की तो मळ नव्हताच, रक्तात इन्सुलिन जास्त असलं की कातडी तशी होते. आईला सांगितलं तर बिचारी रडायला लागली.

सोनोग्राफीत पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी चुकते तो अंडाशयाचा त्रास) निघालं. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.९. वडिलांना शुगर आहे. थायरॉईडची ५० ची गोळी आधीपासून चालू आहे. डॉक्टरबाईंनी मेटफॉर्मिन ५०० लिहून दिली, पहिले पंधरा दिवस एक, मग सकाळ-संध्याकाळ दोन. आणि 'वजन कमी करा'. कसं ते नाही सांगितलं.

आता माझं दुखणं. तीन महिने झाले, पोटाचं पार वाटोळं झालंय. सकाळी गोळी घेतली की अर्ध्या तासात मळमळ, मग जुलाब. विश्रामबागहून यार्डात जाताना दोनदा असा प्रसंग आला की लिहीत नाही. तोंडाला कायम तांब्याच्या भांड्यातलं ताक प्यायल्यासारखी चव. आणि एवढं सोसून वजन किती उतरलं, तर दीड किलोसुद्धा नाही. मैत्रिणीच्या नणंदेचं म्हणे याच गोळीनं बारा किलो उतरलं.

घरी आई (सासूबाई) म्हणतात, गोळ्या खाऊन कुणी बारीक झालंय का. आणि हे वाक्य भडंगाचा डबा माझ्यापुढं सरकवत म्हणतात. हे म्हणतात, सोडून दे, तुझे हाल बघवत नाहीत.

तर सोडू का? की डोस वाढवायला सांगू?

(सांगलीत मी 'आलो, गेलो' असंच बोलते. इथं लिहिताना सांभाळून 'आले' लिहितेय, चुकलं तर हसू नका.)

निसर्गमार्ग_कराड

ताई, तातडीनं बंद करा. ही शुगरच्या म्हाताऱ्या पेशंटची गोळी आहे, किडनीची वाट लावते. माझ्या वहिनीला मेथीदाण्याचं पाणी आणि दालचिनी यावर फरक पडला. झाडपाल्याला साईड इफेक्ट नसतो. इंग्रजी औषध एकदा लागलं की सुटत नाही.

मिरजकरीण

हरिपूररोड, तुझं वाचून मला माझी २०११ सालातली वही आठवली. मीही रोज वजन लिहायची. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि अंघोळीआधी-अंघोळीनंतर वेगळं. वेड्याचा बाजार.

सोडायचं की नाही ते नंतर. आधी मला एवढंच सांग:

तीन महिन्यांत पाळी किती वेळा आली? कंबर मोजलीस का? आणि गोळी नक्की कशी घेतेस, म्हणजे किती वाजता, कशावर, काय खाऊन? 'सकाळ-संध्याकाळ' हे उत्तर नको. मिनिटा-मिनिटाचं सांग.

काउंटरमागून (सातारा)

मी सातारला राजवाड्याजवळ औषधाच्या दुकानात गेली चौदा वर्षं फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

कराडकरांना आधी. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. उलट आहे. हे औषध शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं किडनीवाटे लघवीतून बाहेर पडतं. म्हणून किडनी आधीच अधू असेल तर ते साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका येतो. त्यासाठी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. ताईंचं झालं नसेल तर करून घ्यावं. शंभर-दोनशे रुपयांचा मामला आहे.

आणि झाडपाल्याचंच म्हणाल तर या गोळीचं मूळही झाडपालाच. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे, जांभळट फुलांची. तिच्यातल्या गॅलेगिन या द्रव्याचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होतो असं दिसलं, पण ते फार विषारी निघालं. त्याच घराण्यातलं सौम्य रसायन म्हणजे मेटफॉर्मिन. झाँ स्टर्न नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली मधुमेहावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेनं मात्र थेट १९९४ मध्ये परवानगी दिली. म्हणजे साईड इफेक्ट झाडाला होता, तो काढायलाच माणसांना गोळी करावी लागली.

आता ताई, तुमची गोळ्यांची पट्टी समोर घ्या. नावापुढं एसआर किंवा एक्सआर अशी अक्षरं आहेत का बघा. माझा एक संशय आहे, उत्तर आलं की सांगतो.

हरिपूररोड (सांगली)

बाप रे, एवढी उत्तरं. मिरजकरीण ताई, लिहिते.

पाळी तीन महिन्यांत दोनदा आली. हो, तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं की गेल्या वर्षी आख्ख्या बारा महिन्यांत चारदा होती. माझं लक्षच काट्यावर होतं.

कंबर गोळी सुरू करताना मोजली होती, तीही केवळ ब्लाउज शिवायचा होता म्हणून. टेलरच्या वहीत ३७ इंच लिहिलंय. काल टेप लावली तर ३५ भरली. मी दोनदा मोजली. मग आईंना मोजायला लावली. त्यांनी टेप उलटी धरली होती, पण तरी ३५च.

गोळी कशी घेते: सकाळी साडेपाचला उठते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते ना, तर त्याच घोटाबरोबर मेटफॉर्मिनपण घेऊन टाकते. विसरायला नको म्हणून. मग साडेसहाला चहा, नाश्ता पेढीवर गेल्यावर दहाला. संध्याकाळची आठ-सव्वाआठला घरी आल्या आल्या, मग स्वयंपाक, जेवायला साडेनऊ.

आणि काउंटरमागून दादा, हो, एसआर लिहिलंय. गोळी केवढी मोठी आहे! घशातून उतरत नाही म्हणून मी सुरीनं दोन तुकडे करते आणि दोन्ही तुकडे घेते. चूक झाली का?

काउंटरमागून (सातारा)

संशय खरा निघाला.

एसआर म्हणजे औषध एकदम न सोडता तासनतास थोडं थोडं सोडणारी गोळी. ती कापली, चावली, कुटली की तिची रचनाच मोडते आणि औषध पोटात नको तेवढ्या लवकर सुटू शकतं. पोट कमी बिघडावं म्हणूनच डॉक्टरांनी एसआर लिहिली होती आणि तुम्ही सुरीनं तो फायदाच कापून टाकत होता. त्यात उपाशीपोटी, दिवसातून दोनदा. तीन महिने सोसलंत म्हणजे तुमचं पोट दणकट म्हणायचं.

ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. पहिले चार घास खाऊन मध्ये घेतली तरी चालते. थायरॉईडची मात्र उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. दोघींची वेळ वेगळी, संसार वेगळा. अख्खी गोळी गिळवतच नसेल तर डॉक्टरांना सांगा, साधी छोटी गोळी किंवा पातळ औषध देता येतं. एसआर दोन्ही वेळा घ्यायची की रात्रीच्या जेवणाबरोबर एकदम, हेही त्यांनाच विचारा.

आता आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. अख्खी एसआर गोळी घ्यायला लागलात की कधी कधी शौचात गोळीसारखं पांढरं मऊ काहीतरी दिसेल. दुकानात दर महिन्याला कुणीतरी येऊन कुजबुजतं, 'गोळी तशीच पडली हो'. औषध आत गेलेलं असतं, ते नुसतं टरफल.

चव आणि मळमळ बहुतेकांची काही आठवड्यांत जाते. नाही गेली तर सोसत बसू नका, सांगायला जा.

मिरजकरीण

आता माझी पाळी. बोलायची म्हणतेय.

बारा किलोवाली नणंद विसर. मला ही गोळी चार वर्षं होती. सगळ्यात जास्त उतरलं तेव्हा नऊ किलो, पण त्यातलं गोळीनं किती आणि मी संध्याकाळचं खाणं बदललं त्यानं किती, हे मला माहिती आहे. गोळीच्या वाट्याला दोन, फार तर तीन. माझ्या डॉक्टर भांडायच्या माझ्याशी. म्हणायच्या, मी तुला वजनाची गोळी दिलेलीच नाही, इन्सुलिनची दिलीय. तू तिला वजनाचा जाब का विचारतेस?

तुझ्या यार्डातलं उदाहरण देते. साखर म्हणजे आलेला माल, इन्सुलिन म्हणजे हमाल, पेशी म्हणजे गोदाम. आपल्या गोदामाचं दार गंजलंय, एका हमालानं उघडत नाही. मग शरीर चार पाठवतं, सहा पाठवतं. माल कसाबसा आत जातो, साखरेचा रिपोर्ट बरा येतो. पण हे सहा हमाल यार्डात मोकळे हिंडतात आणि वाटेत अंडाशयाला टोचत बसतात, की पुरुषी हार्मोन जास्त बनव. म्हणून हनुवटीवरचे केस, म्हणून पाळी चुकते. गोळीनं दार थोडं सैल होतं, हमाल कमी लागतात. पाळी काट्याच्या आधी सुधारते ती म्हणून. तुझी सुधारलीय, बाई. चारवरून तिनात दोन. आणि दोन इंच कंबर. हे तू प्रश्नात लिहिलंसुद्धा नव्हतंस.

आता जरा जपून वाच. लग्नाला दोन वर्षं म्हणालीस. मूल आत्ता हवंय की नको? मला एका ठिकाणी सांगितलं होतं, 'तुम्हाला राहणं अवघड आहे'. मी बिनधास्त. गोळी सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात पाळी चुकली, मला वाटलं नेहमीचीच. माझी नेहमीची आता सहावीत आहे आणि शेजारी बसून विचारतेय काय लिहितेस. पाळी यायला लागली याचा अर्थ बीज सुटायला लागलं असण्याची शक्यता आहे. नको असेल तर काळजी घ्या. हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांग, थायरॉईडचा आकडाही आधी नीट बसवावा लागतो.

अजिंक्यतारा_रोज

मधेच बोलते. वय २४, सातारा. मलाही पीसीओएस, पण माझं वजन ५४ आहे. लोकांना पटत नाही. 'तू तर बारीक आहेस' म्हणून वर्षभर कुणी तपासलंच नाही. म्हणजे वजनामुळंच हे होतं असं नाही.

माझा प्रश्न: मला डॉक्टरांनी गोळीऐवजी इनोसिटॉलची पावडर दिली होती. सहा महिने घेतली. महिन्याला हजाराच्या वर खर्च. फरक पडला की त्याच काळात मी रोज किल्ल्यावर चढायला लागले त्यानं पडला, सांगता येत नाही. चालू ठेवू?

आणि हरिपूररोड, नुसतं चालण्यापेक्षा चढ चढ. मांड्यांना काम लागलं पाहिजे. स्नायू काम करताना साखर ओढून घेतात आणि त्याला इन्सुलिनची तेवढी मिनतवारी करावी लागत नाही, असं आमच्या जिमच्या मॅडम सांगतात.

काउंटरमागून (सातारा)

मॅडम बरोबर सांगतात. इनोसिटॉलचा त्रास फारसा नाही, पण पुरावाही मेटफॉर्मिनइतका भक्कम नाही. खिशाला चटका बसत असेल तर डॉक्टरांशी बोलून थांबून बघायला हरकत नाही.

मिरजकरीण ताईंच्या हमालांना एक दुरुस्ती. मेटफॉर्मिनचं मोठं काम गोदामाच्या दारापेक्षा यकृतात आहे. यकृत रात्रभर स्वतःच्या कोठारातून साखर बाहेर सोडत असतं. गोळी तो पुरवठा आवरते. माल कमी, म्हणून हमाल कमी. बाकी गोष्ट तीच.

वजनाचा आकडा हवाच असेल तर एक देतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, म्हणजे ताईंसारख्याच, तीन हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. मेटफॉर्मिनवाल्यांचं वजन सरासरी दोनच किलो उतरलं. खाणं आणि व्यायाम बदलणाऱ्यांचं साडेपाचच्या आसपास. पण मधुमेह होण्याचं प्रमाण गोळीनं ३१ टक्क्यांनी कमी झालं, खाण्या-व्यायामानं ५८ टक्क्यांनी. ते पीसीओएसचे पेशंट नव्हते, तरी वडिलांची शुगर आणि तुमचा ५.९ बघता हा आकडा तुमच्या कामाचा आहे. तुमचं दीड किलो म्हणजे नापास नव्हे.

निसर्गमार्ग_कराड

माहितीबद्दल धन्यवाद. मेथीचं पाणी गोळीबरोबर चालेल का एवढं सांगा, वहिनींनाही ही गोळी लिहून दिलीय असं आज कळलं. त्या घेत होत्या, आम्हाला सांगितलं नव्हतं.

मिरजकरीण

😂 वहिनींना माझा नमस्कार सांगा. मेथी चालते. डॉक्टरांच्या कानावर घालून घ्या, म्हणजे झालं.

हरिपूररोड (सांगली)

दीड महिन्यानं येतेय. हळदीचे सौदे जोरात होते, श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

डॉक्टरांकडं जाऊन आले. या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, त्यामुळं तीन मिनिटांत सहा प्रश्न झाले. सुरीचं सांगितल्यावर बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या की चूक माझीही आहे, मी सांगायला हवं होतं. तेवढ्यावर माझा राग गेला. आता दोन्ही गोळ्या रात्रीच्या जेवणाबरोबर, अख्ख्या. केळ्याच्या घासाबरोबर गिळते, उतरते. पहिले आठ दिवस थोडी मळमळ, मग काही नाही. यार्डात निवांत पोचते. टरफलाचं सांगून ठेवलंत ते बरं केलंत, नाहीतर मी बोंब ठोकली असती.

क्रिएटिनिन नॉर्मल. मूल अजून वर्षभर नको असं आमचं दोघांचं ठरलंय, तेही बोलून घेतलं. हे बाहेर बाकड्यावर बसून मोबाईल बघत होते, त्यांना आत बोलावून बसवलं.

खाण्यात फार क्रांती नाही. शाळवाची भाकरी होतीच, दोनाची दीड केली आणि ताटात आधी उसळ वाढून घेते. घरात हुलग्याचं माडगं परत सुरू झालं, आईंना ते करून दाखवायची हौस आहेच. चहा दिवसाला आठ होते, तीन केले. बाकीच्या वेळी कप समोर धरून बसते, शेतकऱ्याचाही मान राहतो. भडंग सुटत नाही. वाटीभर घेते, शेंगदाणे जास्त टाकून. संध्याकाळी घरी लवकर पोचले तर गणपती मंदिरापासून हरिपूरपर्यंत आम्ही दोघं चालत जातो, परत येताना रिक्षा. चढ कुठून आणू, सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पूल. जिन्यावर चढते-उतरते.

वजन ७४.६. कंबर ३४. पाळी ३४ दिवसांनी आली. मान तशीच आहे.

एक राहिलं. माझी संकष्टी असते. चंद्रोदय कधी नऊ, कधी साडेनऊ, तोवर उपास. त्या दिवशी गोळीचं काय करायचं?

काउंटरमागून (सातारा)

एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोकादायक खाली जात नाही, इन्सुलिनच्या इंजेक्शनसारखं नाही ते. तुमच्या गोळ्या आता रात्रीच्याच आहेत, तर चंद्र बघून जेवायला बसाल तेव्हा जेवणाबरोबर घ्या. दिवसभर पाणी पीत राहा. निर्जळी करू नका. उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा रंग टोचून करायचं सिटी स्कॅन ठरलं असेल, तर गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं. तेव्हा ती काही दिवस थांबवावी लागू शकते. आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी थाळीभर खाऊ नका. वरीचा भात आणि दाण्याची आमटी बरी, तीही बेतानं.

मिरजकरीण

मान शेवटी जाते. माझी दीड वर्षानं उजळली, पूर्ण नाही. आईला तोवर वजरी लपवायला सांग.

एक विसरलीस. बी१२ जीवनसत्त्व तपासलंस का? ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होतं. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, मी सगळा दोष चपलांना देत होते. तू मांस-मच्छी खात नसशील तर आधीच कमी असेल.

हरिपूररोड (सांगली)

अंडीसुद्धा नाही खात. मुंग्या डाव्या पायाला येतात, मला वाटलं पेढीवर मांडी घालून बसण्यानं.

उद्या सकाळी लॅबमध्ये जाते. थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घेऊ की आधी, ते फोन करून विचारते आधी. या वेळी मनानं काही करणार नाही.